"ड्रेन-बिन सगळं पुस्तकी" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पिकअपमध्ये पाणी गळण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कालच वाचली होती, उत्तर मुद्दाम आज देतोय, काल लिहिलं असतं तर जरा जास्तच बोललो असतो. तुम्ही म्हणता पिकअपमध्ये पायाशी पाणी येतं ते पुढच्या काचेच्या रबरातूनच, सिलिकॉन मारा आणि विषय संपवा, "काऊलचे ड्रेन-बिन सगळं पुस्तकी". (काऊल म्हणजे पुढच्या काचेच्या तळाशी वायपरखालची पन्हळ, आणि ड्रेन म्हणजे तिच्यातलं पाणी बाहेर सोडणारी भोकं.)

पटलं नाही तर पटलं नाही म्हणा, पण पुस्तकी? माझी स्वतःची पिकअप दोन पावसाळे गळत होती. पहिल्या वर्षी एका कारागिराने तुमचंच सांगितलं, मी काचेभोवती सिलिकॉन मारून घेतलं, आणि पुढच्या मोठ्या पावसात ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं मॅट परत ओलंचिंब. शेवटी डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून टॉर्च धरून बघितलं तर पाणी ब्लोअरमधून, म्हणजे आत हवा फेकणाऱ्या पंख्यातून, ठिबकतंय, काचेच्या बाजूला थेंब नाही. हे मी कुठे वाचलेलं नाही, अंगावर घेतलंय.

परत सांगतो. काचेवरून उतरलेलं पाणी वायपरखालच्या जाळीतून काऊलच्या पन्हळीत पडतं, ते पडायलाच हवं, त्यात बिघाड काही नाही. तिथून ते दोन्ही टोकांच्या भोकांतून फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, आतून खाली जमिनीवर जातं. त्याच पन्हळीत ब्लोअरचं हवा घ्यायचं तोंड असतं, पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला उंच कडा ठेवलेली असते. पाला आणि माती बसून भोकं बुजली की पाणी साचत साचत त्या कडेवरून थेट ब्लोअरमध्ये, मग काचेला सिलिकॉनचे थर चढवा नाहीतर काच बदला, काय फरक पडणार? आणि हल्लीच्या गाड्यांची काच युरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवलेली असते, बाहेरून दिसतं ते रबर बहुतेक वेळा नुसती शोभेची पट्टी. काच कधीच गळत नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही. बदलताना नीट चिकटवली नसेल किंवा चौकट गंजली असेल तर गळते, हो.

काऊलची जाळी उघडायला वायपरचे हात काढायच्या आधी काचेवर टेप लावून जागेची खूण करावी, हे माझ्याकडून राहिलं होतं. तुमचं बरोबर, लेखात घातलंय.

बाकी लेख लांब आहे, फोटो अंधारे आहेत वगैरे, त्यावर काय बोलायचं.

तुम्ही एवढंच करा, बॉनेट उघडा, काऊलच्या दोन्ही टोकांना एकेक बाटली पाणी हळू ओता आणि पुढच्या चाकामागे जमिनीवर लगेच धार पडते का बघा. पडली तर ड्रेन मोकळे, मग काचेकडे वळा. पाणी वरच तुंबलं तर मात्र तो पुस्तकी शब्द मागे घ्या.