दंड भरायला कोणी उरायला हवं

आगीच्या सुरक्षेत हयगय करणाऱ्या वृद्धाश्रमांचा दंड वाढवा, ही लेखातली मागणी पटली. पण भरणारा सापडला तर! स्कॉटलंडमधल्या रोझपार्क वृद्धाश्रमात ३१ जानेवारी २००४ च्या पहाटे आग लागली आणि १४ वृद्ध गेले. धोक्याची घंटा वाजल्यावर अग्निशमन दलाला फोन करायला सुमारे ९ मिनिटं लागली. कितीतरी खोल्यांची दारं उघडी, धूर थेट अंथरुणापर्यंत. पुढे मालकांची भागीदारी संस्थाच विसर्जित झालेली, त्यामुळे तीनदा प्रयत्न करूनही खटला टिकला नाही. ही पळवाट बुजवणारा कायदा यायला २०१३ उजाडलं! ज्यांना स्वतःहून कूसही बदलता येत नाही, त्यांच्यासाठी इतकी वर्षं? रात्रपाळीला माणसं किती आणि त्यांनी आगीचा सराव शेवटचा कधी केला, हे परवाना देतानाच विचारा.