लोत्रेकने त्या बायकांची टर उडवली नाही

एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरते आहे. तिचं म्हणणं असं: पॅरिसच्या कॅबरेतल्या गायिका-नर्तकी गरीब बिचाऱ्या होत्या, आंरी द तुलूज-लोत्रेक या सरदार घराण्यातल्या चित्रकाराने त्यांना मुद्दाम कुरूप रंगवून नाव कमावलं, ती चित्रं दारूच्या नशेत खरडलेली होती आणि शेवटी लिथोग्राफ (दगडावर काढून कागदावर उतरवलेले छाप) म्हणजे मूळ चित्राच्या छापील नकलाच. यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आधी कुरूपपणाचं. कॅबरेतली गायिका इव्हेत गिल्बेर त्याच्यावर चिडली होती, हे खरं. इतकं भयानक काढू नका, अशी तिने पत्रातून विनवणी केली आणि 1894 मध्ये त्याचं पोस्टर न घेता स्टाइनलेन या दुसऱ्या चित्रकाराचं घेतलं. पोस्ट इथेच थांबते. पण त्याच वर्षी लोत्रेकचा तिच्यावरचा 16 लिथोग्राफांचा अल्बम निघाला, तेव्हा त्याच्या शंभरच्या शंभर प्रतींवर गिल्बेरने स्वतःच्या हाताने सही केली. अपमान झालेली बाई हे करत नाही. या अल्बमचं मुखपृष्ठ जरूर बघा. त्यावर गिल्बेर नाहीच, नुसते तिचे लांब काळे हातमोजे पडलेले आहेत. तिची खूण एवढी पक्की होती की चेहऱ्याची गरज उरली नाही. ‘दिवाँ जापोने’ या कॅबरेच्या पोस्टरात तर तिचं डोकं कागदाच्या कडेला कापलं गेलंय, तरी हातमोज्यांवरून पॅरिसने तिला ओळखलं. बारीक अंगकाठी, लांब मान, काळे हातमोजे हे रूप तिने स्वतः घडवलं होतं. लोत्रेकने तेच उचललं आणि ठळक केलं.

‘बिचाऱ्या’ हा शब्द तर मला फार खटकतो. 1893 चं ‘जार्दें द पारी’ या करमणुकीच्या ठिकाणाचं पोस्टर नर्तकी जान आव्रिलने स्वतः सांगून करून घेतलं. आपल्या नावाचा बोलबाला त्या पोस्टरपासून झाला, हे ती पुढे मोकळेपणाने सांगत असे. याच वर्षीच्या ‘एस्ताँप ओरिजिनाल’ या छापचित्रांच्या संचाच्या मुखपृष्ठावर ती छापखान्यात उभी आहे. मागे म्हातारा छपाई कारागीर कोतेल यंत्राचं चाक फिरवतोय आणि ती नुकताच निघालेला छाप हातात धरून जाणकारासारखी निरखते आहे. ज्या बाईला चित्रकार असं काढतो, तिला तो खेळणं समजत नव्हता.

लिथोग्राफ म्हणजे नक्कल, हा समज आपल्याकडे का रुजला ते कळतं. रविवर्म्यांच्या मुंबईच्या छापखान्यातून घरोघरी गेलेल्या देवादिकांच्या तसबिरी मूळ तैलचित्रांवरून छापलेल्या असत. लोत्रेकचं तसं नव्हतं. तो छापण्यासाठीच चित्र रचायचा आणि तेलकट खडूने, शाईने थेट दगडावर काढायचा. दातांच्या ब्रशने शाईचे शिंतोडे उडवून पोत आणायचा. ज्याची ही नक्कल, असं भिंतीवरचं ‘मूळ’ नव्हतंच. छाप हेच मूळ. नर्तकी लोई फुलरचा 1893 चा लिथोग्राफ घ्या. त्याचे साधारण 60 छाप निघाले आणि प्रत्येकाचे रंग वेगळे. काहींवर सोनेरी-रुपेरी भुकटी फवारली आहे. फुलर रंगीत दिव्यांच्या झोतात रेशमी झगा फिरवत नाचायची, रंग क्षणाक्षणाला बदलायचे. ते एका कागदात मावणार नव्हतं, म्हणून प्रत्येक कागदावर वेगळा क्षण. नकलांचे रंग असे बदलत नाहीत.

राहिली दारू. तो बेसुमार प्यायचा, 1899 मध्ये त्याला पॅरिसजवळच्या नयी इथल्या रुग्णालयात ठेवावं लागलं आणि 1901 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी तो गेला. पण दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, बहुरंगी कामात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि ते सगळे छापताना एकमेकांवर नेमके बसावे लागतात. हे काम त्याने दहा वर्षांत साडेतीनशेच्या आसपास लिथोग्राफांसाठी केलं.