६४० केबीत सगळं एकदम चालायचं? कधी?

आमच्या रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर गणपतीपासून एक मेसेज फिरतोय. "जुन्या कॉम्प्युटरला ६४० केबी मेमरी, तरी टायपिंग, हिशेब, प्रिंटिंग सगळं एकाच वेळी चालायचं आणि मशीन कधी हँग व्हायचं नाही. आज ८ जीबी असून रडतं, कारण प्रोग्रामर आळशी झाले." शेवटी बिल गेट्सचं वाक्य, ६४० केबी कुणालाही पुरेल. वाचायला गोड आहे, पण बरंचसं खोटं.

"सगळं एकाच वेळी" हे आधी घेऊ. १९८१च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा, मेमरी १ एमबीपर्यंतच हाताळायचा. त्यातला वरचा भाग स्क्रीन आणि रॉमसाठी (मशीनमध्ये कायमची कोरलेली मेमरी) राखीव, उरले ते हे ६४० केबी. आणि मशीनचा कारभार बघणारी ऑपरेटिंग सिस्टिम डॉस, म्हणजे एका वेळी एकच प्रोग्राम. वर्डस्टार या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये पत्र लिहिताना बिलाचा आकडा लागला, की पत्र सेव्ह करा, बाहेर या, फ्लॉपी बदला, हिशेबाचा प्रोग्राम लोटस चालू करा, आकडा कागदावर उतरवून घ्या आणि आल्या वाटेने परत जा.

पळवाटा होत्या, नाही असं नाही. वर्डस्टार छापता छापता टाइप करू द्यायचा, पण अक्षरं बोटांच्या मागून रखडत यायची. १९८४चा साइडकिक हा छोटा मदतनीस प्रोग्राम मेमरीत दबा धरून बसायचा. ठरावीक कळा दाबल्या की कॅल्क्युलेटर हजर. मात्र तो समोर असेपर्यंत खालचं काम थिजलेलं. असे दोन-तीन प्रोग्राम बसवले की ते एकमेकांत भांडायचे, कारण एकाचं काम अर्धवट ठेवून दुसऱ्याचं हाती घेणं डॉसला जमतच नव्हतं.

"पण विंडोज होतं ना!" होतं की. विंडोज ३.१ आलं १९९२ला, खिडक्या हव्या तितक्या. पण तिथला कारभार ग्रामसभेतल्या माईकसारखा: बोलणारा स्वतःहून खाली ठेवेल तेव्हाच दुसऱ्याला मिळणार. विंडोजचा एक प्रोग्राम लांबलचक कामात गुंतला की बाकीचे सगळे खोळंबायचे. डीटीपीच्या दुकानात आंबापेटीच्या लेबलांची फाइल प्रिंटला सोडली, की पडद्यावर वाळूचं घड्याळ, आणि लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेलं गिऱ्हाईक बाकावर. माईक हिसकावून घेण्याची सोय विंडोज ९५मध्ये आली, तीही नव्या पद्धतीच्या, ३२-बिट प्रोग्रामपुरती. जुना १६-बिट प्रोग्राम अडला की पुष्कळदा सगळंच अडायचं.

"कधी हँग व्हायचं नाही" यावर तर हसूच येतं. मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट काय शोभेला होतं? ८०८८मध्ये मेमरीचं संरक्षण नावाची गोष्टच नव्हती. एका प्रोग्रामने चुकून दुसऱ्याच्या किंवा खुद्द डॉसच्या जागेत लिहिलं की खेळ खलास. १९८२च्या २८६ प्रोसेसरमध्ये ती सोय आली, पण डॉसने ती वापरली नाही.

एक मान्य करायला हवं. १९८५ची अमिगा, म्हणजे कमोडोर कंपनीचा कॉम्प्युटर, २५६ केबीत खरोखर अनेक कामं एकत्र करायची आणि माईकही हिसकावून घ्यायची. म्हणजे कमी मेमरीत हे अशक्य नव्हतं. पण मेमरीचं संरक्षण तिच्यातही नव्हतं, एक प्रोग्राम बिघडला की अख्खं मशीन आडवं. आणि मेसेजमधला पीसी म्हणजे काही अमिगा नव्हे.

गेट्सच्या वाक्याला पुरावा नाही. आपण असं बोललोच नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलंय.

राहिला आळशीपणा. आजचे काही प्रोग्राम उगाच फुगलेत, हे खरं. पण ८ जीबी जाते कुठे तेही बघा. क्रोम ब्राउझर २००८ला आला तो टॅबना शक्यतो वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र प्रोग्राम म्हणून, ठेवण्याच्या हिशेबाने. त्याला मेमरी जास्त लागते, हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. बदल्यात रेल्वेच्या बुकिंगचं पान गचकलं तरी शेजारच्या टॅबमधला अर्धा भरलेला सातबाऱ्याचा अर्ज सहसा जागेवर राहतो.