टोळीत शिरायचंय? आधी काळी चार लावून दाखवा

न्यूयॉर्कच्या गल्लीत टोळी काढायचं मनात असेल, तर चाकू घ्यायला धावू नका. आधी पेटीवाल्याला गाठा आणि काळी चार लागते का ते बघा. १९५७ साली ब्रॉडवेवर 'वेस्ट साइड स्टोरी' हे नाचगाण्याचं नाटक आलं (न्यूयॉर्कच्या दोन टोळ्यांचं भांडण: एक गोऱ्या पोरांची, दुसरी पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्यांची), तेव्हापासून बेसुऱ्या पोराला मारामारीत कुणी उभं करत नाही. चुटकी तालात हवी, पाय खांद्याइतका उंच गेला पाहिजे. आणि भोसकला गेलात तरी बरोबर समेवर पडायचं.

हत्याराच्या बाबतीत तिथल्या खऱ्या पोरांचा कित्ता गिरवू नका. ती कार्टी रस्त्यावरच्या गाडीची एरियल मोडून आणायची, नळी लाकडाच्या तुकड्यावर बांधायची, दाराची छोटी कडी आणि रबरबँड लावायची. झालं पिस्तूल! नेम लागला तर लागला, नाहीतर स्वतःचीच बोटं उडायची. असल्या खटपटीवर गाणं बसत नाही हो.

कपड्यांवर मात्र खर्च करा. ऑगस्ट १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतल्या मैदानात १६ वर्षांच्या एका मुलानं दोन पोरांना भोसकून मारलं. त्याच्या अंगावर केप, म्हणजे खांद्यावरून सोडलेला झगा होता, म्हणून पेपरवाल्यांनी त्याला 'केपमॅन' करून टाकलं. मेलेल्या दोघांना असं काही नाव मिळालं नाही. साधे कपडे, दुसरं काय!

पोर्तो रिकन टोळीत शिरायला पोर्तो रिकन असावं लागतं, हाही गैरसमज. या नाटकावरच्या १९६१ च्या सिनेमातली पोर्तो रिकन नायिका मारिया म्हणजे नताली वुड, आईबाप रशियाचे. तिचा गाण्याचा गळा मार्नी निक्सन या गायिकेचा. भाऊ झालेला जॉर्ज चकिरिस ग्रीक वंशाचा. रिटा मोरेनो खरीखुरी पोर्तो रिकोत जन्मलेली, तर तिच्याही तोंडाला गडद रंग फासला. ऑस्कर मिळाली १०. (आपल्या 'जोश' या हिंदी सिनेमानं २००० साली हाच मामला वास्कोला नेला. तिकीट परवडत नसेल तर गोवा बघा.)

इलाका निवडताना तेवढं डोकं वापरा. सिनेमाचे सुरुवातीचे काही प्रसंग ६८व्या रस्त्यावर चित्रित झाले, कारण तिथली घरं लिंकन सेंटर या नाट्य-संगीताच्या संकुलासाठी रिकामी करून पाडायला घेतली होती. त्या सगळ्या वस्तीतून ७,००० च्या वर कुटुंबं उठवली गेली. म्हणजे पडद्यावर दोन टोळ्या ज्या गल्लीसाठी जीव देत होत्या, ती तिसऱ्याच टोळीनं केव्हाच मारली होती. तिचा दादा रॉबर्ट मोझेस, शहराच्या झोपडपट्टी हटाव समितीचा प्रमुख. सूट, टाय, हातात नकाशा. एकदाही चुटकी वाजवली नाही.

आता तिथे ऑपेरा आणि बॅले होतात. पाय खांद्यापर्यंत जात असेल तर ऑडिशन देऊन बघा.