तार लावली म्हणून दात पडत नाही, बाप्पा

आमच्या तालुक्याच्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला: तिशीनंतर दाताले तार लावली की दात ढिले होऊन पडतात, डॉक्टर हाड तोडून दात सरकवतात, हिरडी चिरून हाडाची भुकटी भरणं निव्वळ धंदा आहे, त्यापेक्षा मीठ-हळद घासा. मी 38 व्या वर्षी क्लिपा बसवल्या, हिरडीचं ऑपरेशनही झालं, तं एकेक घेतोच.

तिशीचं पहिले. दात काही खुंट्यासारखा ठोकला नसते, मूळ अन् हाडाच्या मधात बारीक धाग्यांची गादी असते, तार दाबते तिकडचं हाड विरघळते अन् मागं नवीन भरते. हे पन्नाशीतही होते, सुरुवातीले जरा हळू. पडतात ते हिरडीच्या रोगानं. माझंच पाहा नं, पंधरा वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, डॉक्टरीणबाईनं बारीक काडी हिरडीत घालून खोली मोजली, 3 मिलीमीटरपर्यंत ठीक म्हणे, माझ्या खालच्या पुढच्या दातांजवळ 6 निघाली. त्यांनी क्लिपा लावायले सरळ नाही म्हटलं! आधी खर्रा सोडा, खोलवर सफाई करा, सूज उतरू द्या, मंग पाहू. सुजल्या हिरडीवर तार ताणली तं हाड खरंच झपाट्यानं जाते, म्हणजे मेसेजवाल्याची भीती अगदीच खोटी नाही, बोट भलतीकडं दाखवलं एवढंच.

हाड तोडतात म्हणे. तोडत नाही, वरच्या कडक थराले दोन मुळांच्या मधात बारीक चिरा देतात. 1959 मध्ये कोले नावाच्या सर्जनले वाटलं होतं का हाडाचा तुकडाच दातासकट सरकते. पुढं अमेरिकेतल्या विल्को नावाच्या दाताच्या डॉक्टर भावांनी सीटी स्कॅन पाहून 2001 मध्ये लिहिलं का तसं नाही, चिरा दिल्या का तिथलं हाड काही काळ मऊ पडते, तेवढ्यात दात लवकर सरकतात, अन् हाड पुन्हा टणक होते. हा वेग काही महिनेच राहाते म्हणून दर दोन आठवड्याले तार कसायले जा लागते, कापसाच्या सीझनमंधी एसटीनं गेलो मी. पण ‘सहा महिन्यांत दात सरळ’ असे बोर्ड लावणाऱ्यांवरही डोळे झाकून भरोसा ठेवू नका, वेगाचे पुरावे अजून कच्चेच आहेत अन् सगळ्यांले हे लागतही नाही.

आता भुकटी. खालच्या पुढच्या दातांबाहेरचं हाड लय पातळ असते, दात पुढं ढकलला का मूळ हाडाबाहेर डोकावते अन् हिरडी खाली उतरते. तिथं भर घालायले ते दाणे, माझ्या डोळ्यापुढं शिशी फोडली, जाड रव्यासारखे पांढरे, ओले करून चमचीनं थापले अन् वरून टाके. आमच्या मायनं तेव्हा विचारलं, “हाड कोनाचं हाय पन?” प्रश्न एकदम रास्त. माणसाच्या दान केलेल्या हाडाचं असते, जनावराच्या हाडावर प्रक्रिया केलेलं असते, कारखान्यात बनवलेलंही असते. टाकायच्या आधीच विचारा, नको असन तं दुसरं मागा. अन् हो, ऑपरेशननंतर मेडिकलमधून मनानं दुखीची गोळी घेऊ नका, सूज मारणाऱ्या काही गोळ्या दात सरकायचा वेगच कमी करतात, हे मले उशिरा समजलं.

राहिली मीठ-हळद. घासा खुशाल, पण बोट फिरते वरच्यावर अन् मुळाले चिकटलेली कडक मळाची खडी 6 मिलीमीटर खाली बसली असते, ती खरवडून काढल्याशिवाय निघत नाही.