लसणाला दांडा आला म्हणून वाफा उपटू नका

जानेवारी सरत आला की आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश हमखास फिरू लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला: शेजारच्या वहिनींकडून, पुण्याच्या भाचीकडून आणि बडोद्याच्या आतेबहिणीकडून. वर गर्द जांभळ्या गेंदाचा फोटो आणि खाली मजकूर: "लसणाला फूल आले म्हणजे झाड नर झाले. गड्डा संपला. दिसताच उपटा, नाहीतर शेजारच्या झाडांना लागण होईल. दांडा विषारी असतो, खाऊ नका. हा चायनीज बेण्याचा परिणाम आहे. झाड ठेवायचेच असेल तर पातीला गाठ मारा, रस गड्ड्यात उतरेल. फुलाचे बी जपून ठेवा, पुढच्या वर्षी पेरा, दुप्पट पीक येईल. फूल आलेला लसूण टिकत नाही."

हा संदेश मी एकदा मानला होता, म्हणून आज एवढं सविस्तर लिहिते आहे. मागे एकदा लसूण किलोला चारशेच्या वर गेला, तेव्हा आमच्या कॉलनीत ज्याच्याकडे हातभर माती होती त्याने पाकळ्या टोचल्या. मीही मागच्या अंगणात दोन वाफे केले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सात-आठ झाडांना दांडे दिसले, संदेश आठवला, आणि लागण नको म्हणून मी एक अख्खा वाफा उपटला. चाळीसेक झाडं असतील. गड्डे कापून पाहिले तर आत पाकळ्या नीट सुटल्याच नव्हत्या, छोट्या कांद्यासारखा एकसंध गोळा होता. गुढीपाडव्यापर्यंत ते सगळे सुकून पोचट झाले. दुसरा वाफा आळसाने तसाच राहिला होता, त्यातल्या लसणावर मात्र आम्ही दिवाळीपर्यंत फोडण्या दिल्या.

आता संदेशातली एकेक गोष्ट घेते.

"झाड नर झाले." लसणात नर-मादी झाडं नसतातच. पपईत असतात, तिथून हा समज आला असावा. लसणाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात.

"लागण होईल." दांडा हा रोग नाही. एका वाफ्यातली पाच-सहा झाडं एकाच आठवड्यात दांडे काढतात, कारण ती एकाच बेण्याची असतात आणि एकाच थंडीत वाढलेली असतात. शेजारच्याने शेजारच्याला काही दिलेलं नसतं.

मग दांडा येतो कशामुळे? यावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. लसणाचे ढोबळमानाने दोन स्वभाव आहेत. थंड प्रदेशातला कडक मानेचा लसूण दरवर्षी, नियमाने, मधोमध एक भरीव दांडा वर काढतो. आपल्या मैदानी मुलखातला लसूण बहुतेक मऊ मानेचा. त्याची मान म्हणजे पातीचेच एकात एक गुंडाळलेले पापुद्रे, आणि तो सहसा दांडा काढत नाही. सहसा. पाकळीला किंवा कोवळ्या रोपाला पुरेसे दिवस चांगली थंडी लागली, आणि पुढे दिवस लांबून ऊन चढू लागलं, की यातलीही काही झाडं दांड्याकडे वळतात. इंदूरला जानेवारीत पारा एकअंकी होतो, तेवढ्यानेही एखाद्या वर्षी काही झाडं फसतात.

आणि काही वेळा ही थंडी आपणच देतो. "पाकळ्या महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून लावा, लवकर उगवतात" हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. उगवतात खऱ्या, पण त्या थंडीची नोंद झाडाच्या पोटात राहते. शीतगृहातून आलेला बाजारचा लसूण बेणं म्हणून लावला तरी तेच होऊ शकतं. बेणं कोरड्या, हवेशीर जागी टांगलेलं असावं आणि नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान सरळ मातीत जावं. टोक वर, दोन-तीन सेंटीमीटर खोल, दोन पाकळ्यांत दहा सेंटीमीटर आणि दोन ओळींत पंधरा. आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं, म्हणून वाफा जमिनीपेक्षा चार बोटं उंच केलेला बरा.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती पाहून घाबरलेल्या दोघी जणी माझ्याकडे आल्या होत्या. कधीकधी दांडा पुरता बाहेर येतच नाही. तो मानेतच अडकतो आणि खोडाला मधेच एक फुगार येतो. तो चिरला की आत चार-सहा बारीक पाकळ्या निघतात. ही कीड नाही, गाठीचा रोगही नाही. मऊ मानेच्या लसणाने अर्ध्यावर सोडलेलं फूल आहे ते. त्या पाकळ्या खाता येतात आणि खालचा गड्डाही आपल्या वेळेला तयार होतो.

"गड्डा संपला, दिसताच उपटा." सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. दांडा दिसतो त्या सुमारास गड्डा भरायला लागलेला असतो, भरलेला नसतो. तिथून पुढचे तीन-चार आठवडे फार मोलाचे, कारण त्याच दिवसांत पाकळ्या फुगतात आणि त्यांच्यावरची सालं कागदासारखी होतात. दांडा राहू दिला तर तो झाडाच्या अन्नातला वाटा घेतो, हे खरं. सकस जमिनीत हा तोटा कमी असतो, हलक्या जमिनीत जास्त. पण त्यावर उपाय दांडा खुडण्याचा आहे, झाड उपटण्याचा नाही.

कांद्याशी गल्लत होते ती इथेच. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, आले की धसका बसतो, आणि त्याचं भय खरं आहे. डेंगळा आलेल्या कांद्यात मधोमध कडक दांडा राहतो, तो कांदा बाजारात कोणी घेत नाही आणि साठवणीत लवकर सडतो. कांदा हा एकच गोळा, त्याच्या काळजातूनच दांडा जातो. लसणाचं तसं नाही. दांडा मधून जातो आणि पाकळ्या त्याच्या भोवती फेर धरून बसतात. दांडा काढून टाकला तरी पाकळी अखंड असते. दोन्ही दांडे हातात घेऊन पाहा: कांद्याचा पोकळ आणि मधे फुगलेला, लसणाचा भरीव आणि एकसारखा गोल.

खुडायचं कधी? पातीच्या वर वीतभर आला किंवा गोल वळायला लागला की. दुपारी, पात कोरडी असताना, सगळ्यात वरच्या पानाच्या थोडं वर चिमटीत धरून मोडायचा. कोवळा असेल तर कट्कन मोडतो. ओढायचा नाही, ओढला तर झाड मुळापासून हलतं. एकही पान कापायचं नाही.

आणि काढणी फुलावरून ठरवायची नाही, पानांवरून ठरवायची. खालची पानं पिवळी पडून सुकायला लागली आणि वर पाच-सहा हिरवी उरली की एक गड्डा उकरून पाहावा. पाकळ्या बाहेरून बोटाला जाणवल्या तर वेळ झाली. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद. सांवेर रस्त्यावरच्या एका शेतकरी दादांना मी फूल कधी येतं विचारत होते. ते म्हणाले, बाई, फुलाकडे बघतंय कोण, आम्ही पान वाचतो. मंदसौर-नीमचचा लसूण देशभर जातो, रतलाम जिल्ह्यातल्या रियावनच्या लसणाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशा मुलखात राहून लसणाचं ज्ञान आपण फिरत्या संदेशातून घ्यावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. चोइथराम मंडीत सकाळी गेलात तर पिढ्यान् पिढ्या लसूण लावणारी माणसं भेटतात, आणि विचारलं की सांगतात.

"दांडा विषारी असतो." अजिबात नाही. चीनमध्ये लसणाचे कोवळे दांडे ही रोजची भाजी आहे, जुड्या बांधून विकतात. आपण पातीचा लसूण खातो, गुजरातेत हिवाळ्यात हिरव्या लसणाशिवाय उंधियू होत नाही, त्याच झाडाचा हा दांडा. बोटभर तुकडे करायचे, मोहरी-हिंगाच्या फोडणीत मीठ घालून परतायचे, वरून दाण्याचं कूट. लसणाचा तिखटपणा कमी आणि गोडी जास्त. ठेच्यातही सुरेख लागतो, पिठल्यात तर फारच. मात्र दांडा सरळ होऊन ताठ झाला की दोरकट होतो, तेव्हा चावत बसू नये.

तरी काळजीच्या तीन जागा आहेत, आणि त्या संदेशात नेमक्या नाहीत. फुलकिड्यांसाठी किंवा जांभळ्या करप्यासाठी औषध फवारलं असेल तर त्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय दांडा खाऊ नये. दुसरं, कुंड्यांच्या गर्दीत रेन लिलीची पात लसणासारखीच दिसते, आणि ती मात्र खरोखर विषारी आहे. पान चुरगळून वास घ्यावा, लसणाचा वास आला नाही तर तोंडात घालू नये. तिसरं, घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर त्यांना कांदा-लसूण कुठल्याही रूपात बाधतो, खुडलेले दांडे त्यांच्यापुढे पडू देऊ नयेत.

"चायनीज बेण्याचा परिणाम." चिनी लसणाच्या आयातीवर आपल्याकडे २०१४ पासून बंदी आहे, आणि चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालाबद्दल शेतकऱ्यांचा राग रास्तच आहे. पण फुलावरून लसणाचा देश ओळखता येत नाही. दांडा जात आणि थंडी ठरवते.

"पातीला गाठ मारा." नका मारू. गड्ड्यात काही "उतरतं" ते पानांनी उन्हात तयार केलेलं अन्न. गाठ मारली की पान पिचतं, काम थांबतं आणि पिचलेल्या जागी करपा बसतो. शिवाय प्रत्येक पानाचा खालचा भाग म्हणजेच गड्ड्यावरचं एक साल असतं. पान गेलं की गड्ड्याचं एक पांघरूण गेलं. कांदा काढणीच्या तोंडावर माना मोडण्याची पद्धत आहे, ती या सल्ल्याच्या मागे असावी. पण ती कांदा पोसायला नसते, पोसून झालेला कांदा सुकायला लागावा म्हणून असते.

"बी जपून ठेवा, दुप्पट पीक येईल." या वाक्यावर विसंबून कोणाचं वर्ष वाया जाऊ नये. आपण लावतो त्या लसणाला बी धरतच नाही, म्हणून तर लसणाचं बियाणं नसतं, बेणं असतं. हजारो वर्षं माणसाने पाकळीपासून पाकळी वाढवली, आणि झाडाची बी धरण्याची ताकद जवळजवळ गेली. १९८० च्या दशकात संशोधकांना मध्य आशियातल्या काही लसणांपासून खरं बी मिळालं, पण ते मिळवायला खास झाडं आणि खास मेहनत लागली. आपल्या वाफ्यातल्या गेंदात जे दाणे दिसतात त्या इवल्या पाकळ्याच असतात, शास्त्रात त्यांना बुलबिल म्हणतात. फुलं त्यांच्या दाटीत सुकून जातात.

या इवल्या पाकळ्या निरुपयोगी नाहीत. मातीतले रोग त्यांना चिकटलेले नसतात, हा त्यांचा मोठा गुण. मी मुद्दाम दोन दांडे खुडले नाहीत आणि त्यांच्यावरचे दाणे ऑक्टोबरात कुंडीत लावले. मार्चमध्ये वाटाण्याएवढी एकेक गोल पाकळी निघाली. तीच पुन्हा लावली तेव्हा दुसऱ्या वर्षी छोटा गड्डा झाला. पुरत्या आकाराला यायला दोन-तीन हंगाम जातात. ज्याला हौस आणि सवड आहे त्याने जरूर करावं, मुलांना दाखवायला तर फारच छान. पण दुप्पट पीक म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

फोटोबद्दलही सांगते. तो जांभळा, भरगच्च, चेंडूसारखा गेंद आपल्या लसणाचा नाही. तसा गेंद शोभेच्या फुलझाडांचा असतो किंवा हत्ती लसणाचा, जो खरं तर लीक या कांद्याच्या पातीसारख्या विलायती भाजीच्या कुळातला आहे. लसणाचं फूल आधी लांब चोचीच्या पातळ पिशवीत असतं. ती फाटली की आत फिकट, गुलाबीसर, मोजकी फुलं आणि त्यांच्यामधे दाणे दिसतात. ज्याने फोटो लावला त्याने हे फूल पाहिलेलं नाही, एवढं नक्की.

राहिलं शेवटचं, "फूल आलेला लसूण टिकत नाही." यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करते. दांडा आलेल्या गड्ड्याची मान नीट मिटत नाही, मधे कडक खुंट राहतो, त्यामुळे तो बाकीच्यांपेक्षा काही महिने आधी सुकतो. टाकून देण्याएवढं मात्र ते कारण नाही. मी काढणीच्या वेळी दांडा खुडलेली झाडं वेगळी काढते, पातीसकट आठ-दहा दिवस सावलीत वाळवते आणि त्यांची जुडी लाल दोऱ्याने बांधते. दांडा न आलेल्यांची जुडी सुतळीने. पुढच्या वर्षीचं बेणं सुतळीच्या जुडीतूनच घेते. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन्ही टांगलेल्या असतात, आणि घरात सगळ्यांना माहीत आहे की लाल दोरा संपेपर्यंत सुतळीला हात लावायचा नाही.