आमच्या डीबीतली खिचडी

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की नागपूरच्या आमच्या मानेवाड्यात घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं. "भाऊ, एमसीबी सारखी पडून राहिली, जरा मोठी टाकून द्या ना." (एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप 'पडून' लाइन तोडणारा स्विच. असे सगळे स्विच असलेली भिंतीवरची पेटी म्हणजे डीबी.) तीन उन्हाळ्यांपूर्वी मीही हेच बोलले होते. म्हणून पुढचं वाचताना एकट्या इलेक्ट्रिशियनला शिव्या देऊ नका.

घर जुनं. मागच्या बेडरूमची वायर दीड एमएमची, म्हणजे बारीक, एक ट्यूब आणि एक पंखा एवढ्या हिशोबाने ओढलेली. त्याच लाइनवर आम्ही दीड टनाचा एसी चढवला. खिडकीत कूलर होताच, वर बाबांची इस्त्री. (बाबा म्हणजे माझे सासरे. मे महिन्यातही कडक इस्त्रीचा सदरा लागतो.) १६ अँपिअरची एमसीबी रोज दुपारी पडायची. इलेक्ट्रिशियन भाऊंनी पिशवीतून एक ३२ ची काढली, पाच मिनिटांत बसवली. "आता नाही पडणार ताई." खरंच नाही पडली. मी खुशीत चहा पाजला.

या एप्रिलमध्ये डीबीजवळ जळकट वास यायला लागला. माझा मावसभाऊ बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याने मेन बंद करून झाकण उघडलं आणि म्हणाला, "ही डीबी आहे का खिचडी?" सात एमसीबी, चार कंपन्यांच्या.

मला वाटलं कंपन्या वेगळ्या हीच भानगड. तो मात्र आधी अक्षरं वाचत होता. आमच्या ३२ वर लिहिलं होतं 'डी३२'. आकडा आपण बघतो, अक्षर कोणी बघत नाही. घरात लाइट-पंख्याला 'बी', एसी-मोटरला 'सी' चालते. 'डी' असते सुरू होताना दणकून करंट खेचणाऱ्या मशीनसाठी. शॉर्ट झाला तर सी१६ ही ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान तिथल्या तिथे पडते. डी३२ ला त्यासाठी ३२० ते ६४० लागतात. लांबवर गेलेल्या दीडच्या वायरीच्या टोकाला शॉर्ट झाला, तर तेवढा करंट वाहीलच याची खात्री नाही. म्हणजे एमसीबी विचार करत बसणार आणि वायर भिंतीत तापत राहणार. ओव्हरलोडचंही तेच. ३२ ची एमसीबी ३६ अँपिअरवर तासभर हलतही नाही, ४६ च्या आसपास गेलं तरी पडायला तिला तासाभराची मुभा असते. पीव्हीसी पाइपातल्या दीडच्या वायरीचं तेवढ्यात काय होईल? एमसीबी एसीला वाचवायला नसतेच मुळी, ती भिंतीतल्या वायरीला वाचवायला असते. हे मला चाळिशीत कळलं.

आता कंपन्यांचं. ३५ एमएमच्या पट्टीवर कुठलीही एमसीबी खटकन बसते, म्हणून दुकानदार म्हणतो, "सगळ्या सारख्याच असतात जी." बसते, पण खालून फेज देणारा कंगव्यासारखा बसबार असतो ना, त्याचे दात एका कंपनीच्या मापाचे असतात. दुसरीचा टर्मिनल दोन एमएम वर-खाली असला की दात अर्धवट धरतो. आमच्याकडे कोणीतरी बसबार कापून वायरीचा तुकडा जोडला होता, एका स्क्रूखाली दोन टोकं कोंबून. तिथेच प्लास्टिक तपकिरी झालं होतं.

आणि खरी गंमत पुढे. एमसीबीच्या आत धातूची जोडपट्टी असते, तापली की वाकते आणि स्विच पाडते. ही उष्णता करंटची की शेजारच्या ढिल्या स्क्रूची, हे तिला कळत नाही. तिचं मोजमाप ३० अंशांवर ठरवलेलं. आमची डीबी पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेर ४५. म्हणजे ढिल्या जोडाने तापून पडायची, आम्ही मोठी टाकायचो, मोठीतून आणखी करंट जायचा, जोड आणखी तापायचा. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरात एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले, सगळीकडे बोंब झाली, नंतर सेन्सर बिघडलेला निघाला. तिथे यंत्र चुकीचं होतं. आमच्या घरी यंत्र बरोबर होतं आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं.

कूलरबद्दल एकच बोलते. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. शॉकपासून एमसीबी वाचवत नाही, १० ची असो की ३२ ची. त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अंगातून किंवा जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) लागते, आणि अर्थिंग. एसीला तीस-चाळीस हजार मोजणारे आपण आरसीसीबी म्हटलं की "पाहू पुढच्या वर्षी".

मावसभावाने एसीसाठी चार एमएमची वेगळी लाइन ओढली, त्यावर सी२०. बेडरूमला १० ची. इस्त्री हॉलमधल्या पॉवर प्लगवर गेली. सगळ्या एमसीबी एका कंपनीच्या, बसबारही तिचाच, पुढे आरसीसीबी. पावसाळ्याआधी मेन बंद करून स्क्रू पुन्हा आवळायला तो येणार आहे.

ती डी३२ मी कचऱ्यात टाकत होते. बाबांनी हातातून घेतली, पुसली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. "चांगली आहे की. कामात येईल कधी." परवा मी गुपचूप बाहेर नेऊन फेकली. अजून त्यांना सांगितलेलं नाही.